शेजारच्या सीटवरची ताई

आमची ताई लोकांना गाडी चालवायला शिकवते. हे कळलं की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "बाप रे! शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं म्हणजे जिवाशी खेळ."

ताईला हे अजिबात पटत नाही. तिचं म्हणणं, शिकाऊ माणसाइतका निरुपद्रवी प्राणी रस्त्यावर दुसरा नाही. तो बिचारा घामाघूम होऊन स्टिअरिंगला लटकलेला असतो आणि गाडी अशी हाकतो की शेजारून फिरायला निघालेले आजोबा पुढे जातात. त्याच्यापासून कोणाला काय भीती? भीती बाळगायची ती ज्यांना गाडी येते त्यांची.

क्लासची गाडी लहानशी आणि निळी. टपावर क्लासच्या नावाची पाटी, पुढे-मागे लाल रंगात एल. आता हा एल म्हणजे खरं तर 'जरा सांभाळून घ्या' अशी विनंती आहे. पण रस्त्यावरची माणसं तो वाचतात आणि त्यांच्या अंगात येतं. मागून हॉर्नचा भडिमार सुरू होतो. मग गाडी डावीकडून, उजवीकडून, फुटपाथवरून, जिथून जमेल तिथून पुढे काढायची आणि काढता काढता मान पूर्ण वळवून शिकणाऱ्याच्या तोंडाकडे रागाने बघायचं. तेवढा वेळ त्यांच्या गाडीपुढे कोण बघतं, हे ताईला अजून कळलेलं नाही.

रोज संध्याकाळी ती घरी आली की आम्ही तिला विचारायचो, "आज काय?" मी तिच्या वरच्याच मजल्यावर राहते, आणि चहाला खाली जाण्याचं माझं खरं कारण हेच. एकदा म्हणाली, "आज एक जण दात घासत चालला होता. सिग्नलला दार उघडून चूळ भरली, दार लावलं आणि पुन्हा घासायला लागला." एकदा एक बाई मांडीवर कुत्रा घेऊन गाडी चालवत होती. कुत्र्याचे पुढचे पाय स्टिअरिंगवर. ताईचं प्रामाणिक मत असं पडलं की त्या दोघांत रस्त्याकडे लक्ष होतं ते कुत्र्याचं. एक नवरा-बायको टपावर गादी टाकून चालले होते आणि दोरी आणायचा कंटाळा म्हणून दोघांनी खिडकीतून एकेक हात बाहेर काढून गादी धरली होती. वळणावर गादी एकीकडे सरकली, की ज्याच्या बाजूला सरकली त्याला दुसरा ओरडायचा. नवऱ्याने वैतागून दुसराही हात बाहेर काढला, तेव्हा ताईने आपली गाडी कडेला घेतली आणि शिकणाऱ्याला म्हणाली, "आपण इथे थोडा वेळ थांबू हं."

पण आमच्या सगळ्यांचा आवडता किस्सा कपाटाच्या आरशाचा. स्कूटरवर मागे बसलेल्या माणसाने भलामोठा आरसा पाठीशी उभा धरला होता. त्यामुळे मागच्या सगळ्यांना समोरून स्वतःचीच गाडी येताना दिसत होती. एका गृहस्थांनी स्वतःलाच वाट देण्यासाठी गाडी बाजूला घेतली. त्यांच्या मागच्याने संधी साधून भांग पाडला.

भाऊजींचं चष्म्याचं दुकान आहे. त्यांना गाडी येत नाही आणि शिकायचीही नाही. "मला लोकांचे नंबर माहीत आहेत," ते म्हणतात. "आजच एक गिऱ्हाईक आलं. चष्मा फुटला म्हणून. मला म्हणाला, चष्म्याशिवाय समोरचा हत्तीसुद्धा दिसत नाही. मी विचारलं, मग दुकानापर्यंत आलात कसे? तर म्हणाला, गाडीने."

"कोणी सोडलं?"

"स्वतः चालवत! मी रिक्षा बोलवायला निघालो तर म्हणाला, कशाला, ओळखीचा रस्ता आहे."

ताईच्या सासूबाईंचं मात्र सुनेच्या गाडी चालवण्याबद्दल वेगळंच गाऱ्हाणं आहे. त्या मागच्या सीटवर बसल्या की दर दोन मिनिटांनी म्हणतात, "अगं, हॉर्न वाजव ना. सगळे वाजवतायत. आपल्यालाच येत नाही असं वाटेल त्यांना."

ताई शांत माणूस. राग आला की ती फक्त "बरं" म्हणते. पण दिवसभराचं सगळं कुठेतरी साठत असणारच, आणि ते साठायचं तिच्या पायात. क्लासच्या गाडीत शेजारच्या सीटखाली आणखी एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. त्यावर पाय ठेवून ठेवून तिच्या पायाला अशी खोड लागली की घरी सोफ्यावर बसूनसुद्धा ती ब्रेक दाबायची. सिनेमात हिरो-हिरॉइन धावत एकमेकांकडे निघाले की हिचा पाय पुढच्या खुर्चीला लागायचा. भाऊजी घास जरा भराभर खायला लागले तरी टेबलाखाली धप्प असा आवाज यायचा.

हे काम तिने काही ठरवून धरलेलं नव्हतं. लग्नाच्या आधी ती एका बेकरीत होती. पहाटे भाजलेला पाव व्हॅनमध्ये भरायचा आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसून दुकानोदुकानी उतरवायचा, हे तिचं काम. ड्रायव्हर तापट. एका सकाळी ऐन चौकात एका ट्रकवाल्याने त्याला कट मारला. हा व्हॅन तिथेच सोडून उतरला, ट्रकवालाही उतरला. आधी गचांड्या धरल्या, मग आयाबहिणी झाल्या, मग बोलता बोलता निघालं की दोघे एकाच शाळेत होते. झालं. गळ्यात गळे घालून दोघे समोरच्या हॉटेलात शिरले. चौकात एक ट्रक, एक व्हॅन, व्हॅनमध्ये गरम पाव आणि ताई. मागे हॉर्नचा असा गदारोळ की कान फुटावेत. ताई दहा-पंधरा मिनिटं वाट बघत बसली. मग सरकून ड्रायव्हरच्या जागेवर बसली आणि इतके महिने शेजारून बघितलेलं एकेक आठवत व्हॅन सुरू केली. दुसरा गिअर कसा टाकतात ते काही तिला आठवेना. म्हणून पहिल्याच गिअरमध्ये, गुरगुरत, वाटेतल्या सगळ्या दुकानांना पाव देत ती बेकरीत परतली. बेकरीवाल्याने ड्रायव्हरला काढलं आणि किल्ली हिच्या हातात दिली. "त्या दिवशी मला एक कळलं," ताई म्हणते. "गाडी चालवणं सोपं आहे. गाडी सोडून न जाणं अवघड."

पुढे बेकरी बंद पडली आणि ती या क्लासमध्ये लागली. क्लासचे मालक म्हणजे रुबाबदार गृहस्थ. ऑफिसात त्यांच्या खुर्चीमागे वाहतुकीच्या खुणांचा मोठा तक्ता आणि टेबलावर चौकाची प्रतिकृती. तिच्यात छोट्या छोट्या गाड्या आपापल्या रांगेत शहाण्यासारख्या उभ्या. मालक नव्या विद्यार्थ्यांना पहिलं व्याख्यान स्वतः द्यायचे. विषय, 'रस्त्यावरील सौजन्य'. त्यानंतर विद्यार्थी ताईच्या ताब्यात. मालक शिकाऊ गाडीत कधी बसल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

आता मी दातांच्या डॉक्टरांच्या गोष्टीकडे येते.

ताईला ते नावाने माहीत नव्हते, पण गाडीने माहीत होते. पांढरी, लांबलचक गाडी. सकाळी पुलावर रोज गाठ पडायची, कारण पुलावर ताई चढावर गाडी कशी उचलायची ते शिकवायची आणि डॉक्टर त्याच वेळी क्लिनिकला निघालेले असायचे. गाडी चालवता चालवता ते दाढी करायचे. विजेचा रेझर. पुढचा आरसा स्वतःकडे वळवलेला, गाल फुगवलेला, हनुवटी वर. एका हाताने रेझर, दुसऱ्या हाताने हॉर्न. "मग स्टिअरिंग?" मी विचारलं. ताई म्हणाली, "ते मोकळंच होतं."

एकदा चढावर शिकणाऱ्याची गाडी बंद पडली. एक कॉलेजातली मुलगी होती, रडवेली झाली. मागे डॉक्टर. त्यांनी हॉर्नवरून हात उचललाच नाही. मग अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत खाली उतरले, खिडकीशी आले आणि ओरडले, "कोणी शिकवलं तुला गाडी चालवायला?"

ताई म्हणाली, "मी. अजून शिकवतेय."

"मग घरी शिकवा! रस्ता काय शिकायची जागा आहे?"

"बरं," ताई म्हणाली.

त्यानंतर महिना-दीड महिना गेला असेल. मालकांनी ताईला ऑफिसात बोलावलं. "मॅडम, एक खास विद्यार्थी आहेत. मोठी असामी. जरा सांभाळून घ्या." आणि खुर्चीत कोण, तर पांढऱ्या गाडीचे डॉक्टर. दाढी मात्र पूर्ण झालेली.

घडलं होतं असं. डॉक्टरांचं क्लिनिक एकेरी रस्त्यावर आहे. फोनवर बोलण्याच्या नादात ते क्लिनिकच्या पुढे गेले. आता एकेरी रस्त्यावर उलटं यायचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी गाडी वळवली नाही. रिव्हर्स टाकला आणि आख्खा रस्ता मागे मागे आले. क्लिनिकच्याही मागे गेले आणि फुलांच्या दुकानात शिरले. दुकानदार बाई वाचल्या, कारण त्या बाहेर उभ्या राहून 'अहो, अहो' करत होत्या. परवाना कार्यालयातल्या साहेबांपुढे डॉक्टरांनी बाजू मांडली, "गाडीचं तोंड बरोबर दिशेलाच होतं." साहेबांनी परवाना काढून घेतला आणि फर्मान सोडलं, मान्यताप्राप्त क्लासमध्ये पहिल्यापासून शिका, परीक्षा द्या, मग बघू.

डॉक्टरांनी ताईला ओळखलं नाही. त्यांना कोणीच ओळखू येत नसे. त्यांच्या लेखी रस्त्यावर माणसं नव्हतीच, अडथळे होते.

आणि माणूस म्हणून ते सोन्यासारखे होते, हीच तर गंमत. ताईची अक्कलदाढ दुखते हे कळल्यावर त्यांनी गाडीतच तिला तोंड उघडायला लावून टॉर्चने बघितली. क्लिनिकमध्ये त्यांच्याइतका हळुवार हाताचा डॉक्टर नाही, लहान मुलं त्यांच्या खुर्चीत झोपी जातात, असं लोक सांगत. "घाई कशाला? आपल्याला भरपूर वेळ आहे," हे त्यांचं पेशंटला सांगायचं वाक्य. तेच गृहस्थ स्टिअरिंगला हात लागला की खालच्या पट्टीतून गुरगुरायला लागायचे.

पहिल्या दिवशी ताईने त्यांना फक्त गल्लीतून फिरवलं. परतल्यावर म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही किती वेळा हॉर्न वाजवलात माहीत आहे?"

"वाजवला? मी?"

"बंद पडलेल्या गाडीला वाजवलात. तिच्यात कोणी नव्हतं. झाडालाही वाजवलात."

डॉक्टर विचारात पडले. "सवय हो. आपण आलोय हे कळायला नको का?"

"झाडाला?"

खरी परीक्षा मुख्य रस्त्यावर सुरू झाली. लाल एल लावलेली निळी गाडी, ताईने घालून दिलेला वेग, आणि मागे सगळं शहर. आयुष्यात पहिल्यांदाच डॉक्टर हॉर्नच्या दुसऱ्या टोकाला आले. पहिला हॉर्न वाजला तेव्हा ते दचकले. दुसरा वाजला तेव्हा म्हणाले, "हा कोणाला वाजवतोय?"

"तुम्हाला."

"मला? मी काय केलं?"

"काही नाही. तुम्ही पुढे आहात."

एक मोटारसायकलवाला खेटून गेला आणि जाता जाता टपावर थाप मारून गेला. एका बसवाल्याने त्यांना इतकं कडेला दाबलं की फुटपाथवरच्या वर्तमानपत्रवाल्याने डॉक्टरांना पेपर विचारला. एका गाडीतल्या बाईंनी काच खाली करून, ओठांना लिपस्टिक लावता लावता, थांबून सांगितलं, "काका, या वयात कशाला?" डॉक्टर भडकले. सिग्नलला हँडब्रेक ओढून, दार उघडून ते त्या बाईंच्या गाडीकडे निघाले. सिग्नल सुटला. बाई गेल्या. डॉक्टर भर रस्त्यात एकटे उभे. ताई सरकून त्यांच्या जागेवर बसली, गाडी कडेला घेतली आणि काच खाली करून म्हणाली, "झालं भांडून? बसा आता."

डॉक्टर बसले. सीटबेल्ट लावला. मग म्हणाले, "मॅडम, पुलावर एकदा एक मुलगी रडत होती. तुमच्याच क्लासची गाडी होती का हो?"

ताई नुसती "हं" म्हणाली.

"आणि मी..."

"तुमची दाढी व्हायची होती," ताई म्हणाली. "आता दुसऱ्यात टाका."

त्या दिवसापासून डॉक्टर खरे विद्यार्थी झाले. दातांच्या कामात लागते तितकी नजर त्यांनी रस्त्याला लावली. वळताना मागे बघायला लागले. म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडू देण्यासाठी थांबायला लागले. म्हातारे लोक आधी विश्वासच ठेवत नसत. एक आजी पलीकडे जाऊन परत आल्या आणि काचेवर टकटक करून विचारलं, "बाळा, गाडी बंद पडली का?"

शेवटच्या तासाला मी त्या गाडीत होते. नियमात बसत नाही, पण मला बँकेत जायचं होतं आणि ताईचा रस्ता तोच. मी मागच्या सीटवर होते, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी बघितलेलं आहे.

बाजारपेठेच्या चौकात आलो आणि दिवा पिवळा झाला. त्या चौकात पिवळा झाला की सगळे जोरात सुटतात आणि लाल झाला की आणखी जोरात. मी ताईच्या पायाकडे बघितलं. म्हटलं, आता दाबणार. पण ताईने पाय उचलून सीटजवळ घेतला. मुद्दाम. आणि डॉक्टरांनी आपणहून, अगदी दातात पीन घालावी तसा अलगद ब्रेक दाबला. गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबली. डॉक्टरांनी ताईकडे बघितलं. इतका मोठा माणूस, पण चेहरा असा की पाठीवर थाप मिळावी. ताई काहीतरी चांगलं बोलणार, तेवढ्यात मागून धाडकन आवाज झाला आणि आम्ही तिघं पट्ट्याच्या पलीकडे गेलो.

मागच्या गाडीतून एक गृहस्थ फोन कानाला तसाच लावून उतरले. फोनमध्ये म्हणाले, "थांबा, एक गाढव मध्ये आलंय." आणि आमच्याकडे न बघताच गरजले, "अरे, कोणी शिकवलं तुला गाडी चालवायला?"

मग त्यांची नजर आमच्या गाडीच्या पाठीकडे गेली. चेपलेल्या एलच्या वर क्लासचं नाव होतं, नावाखाली त्यांचा स्वतःचा फोन नंबर होता, आणि त्याखाली ठळक अक्षरांत, 'सुरक्षित शिका, आमच्याकडे शिका.'

मालक होते.

हवालदार आला. तो झाडाखाली मोबाइलवर काहीतरी बघत होता, तिथून उठावं लागल्याने आधीच नाराज. त्याने विचारलं, "थांबलं कोण?"

डॉक्टरांनी हात वर केला. "मी. लाल दिवा होता."

"दिवा काय, रोजच असतो," हवालदार म्हणाला. "आजच का थांबलात?"

तोवर गर्दी जमली होती. गर्दीला सगळं माहीत असतं. एक जण म्हणाला, थांबायच्या आधी मागे बघायला नको का? दुसऱ्याने सांगितलं की सकाळच्या वेळी तो दिवा धरत नाहीत. एक काका तर डॉक्टरांना पोटतिडकीने समजावत होते, "अहो, पुढच्याने असं अचानक नियम पाळायला लागायचं म्हणजे मागच्याने काय करायचं?" मालकांनी त्यांच्याकडे कृतज्ञतेने बघितलं.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा माणूस क्लासमध्ये येणार होता. तो यायच्या आधी मालकांनी ताईला बसवून घेतलं. चौकाची प्रतिकृती दोघांच्या मध्ये. "मॅडम," मालक म्हणाले, "आपण असं सांगू की शिकाऊ माणूस गोंधळला आणि तुम्ही घाबरून एकदम ब्रेक दाबलात. चूक कोणाचीच नाही. शिकवताना होतं असं. क्लासची अब्रू राहील."

"पण मी दाबला नाही."

"ते मला माहीत आहे. इतकी वर्षं दाबत आलात ना? मग एकदा दाबला म्हटलं तर कुठे बिघडलं?"

ताईने मला हे सांगितलं तेव्हा म्हणाली, हेच मला लागलं बघ. खोटं बोलायला सांगितलं याचं फारसं काही वाटलं नाही, मालकांना तेवढं येणारच. पण आजवर सगळ्यांच्या वतीने ब्रेक मी दाबला. बँकेतल्या साहेबांच्या, नवरी मुलींच्या, पहिलवानांच्या. पहिल्यांदा एका माणसाने माझ्याआधी दाबला, आणि तोच मी माझ्या नावावर लावायचा?

विमावाला आला. जांभई देत त्याने विचारलं, "ब्रेक कोणी दाबला?"

"डॉक्टरांनी," ताई म्हणाली. "आणि बरोबर दाबला. मागचे गृहस्थ फोनवर बोलत होते."

"मागचे गृहस्थ कोण?"

ताईने बोट केलं. मालक तक्त्याखाली बसले होते. त्यांच्या डोक्यावर फोनचं चित्र होतं आणि त्यावर लाल काट. विमावाल्याची जांभई अर्ध्यावर राहिली.

तो गेल्यावर मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

"बरं," ताई म्हणाली.

घरी आल्यावर तिने चहा टाकला, आम्हा सगळ्यांना दिला, आणि कप हातात धरून बसून राहिली. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. हॉर्न न वाजवता किती दिवस चालणार होतं!" भाऊजींनी तिचा चष्मा काढून घेतला, स्वच्छ पुसला आणि पुन्हा तिच्या डोळ्यांवर लावला. ताई तेव्हा रडली. थोडीच.

डॉक्टर परीक्षा पास झाले. पास झाल्याचं सांगायला घरी आले, तेही चालत. आम्हाला वाटलं, आनंदात असतील. पण चेहरा उतरलेला.

"गाडी विकायची म्हणतोय," ते म्हणाले.

"का हो? आता तर तुम्हाला येते!" ताई म्हणाली.

"म्हणून तर. काल एकटा घेऊन निघालो. मॅडम, मला आता सगळं दिसतं हो! डावीकडचा दिसतो, उजवीकडचा दिसतो, मागचा काय खातोय ते दिसतं. एक जण मांडीवर कॅल्क्युलेटर घेऊन हिशोब करत होता. एक जण पुढच्या गाडीतल्या माणसाशी खिडकीतून गप्पा मारत चालला होता, शेजारी शेजारी, रस्ताभर. हे सगळे आधीही असेच असणार ना?"

"असेच."

"आणि मी मजेत दाढी करायचो! काही दिसत नव्हतं तेव्हा किती निवांत होतो मी. काल क्लिनिकला पोचलो तर पहिल्या पेशंटनेच मला धीर दिला."

भाऊजी म्हणाले, "नवा चष्मा लागला की पहिले काही दिवस असंच होतं."

"आणि नंतर?"

"नंतर सवय होते. किंवा माणूस चष्मा काढून ठेवतो."

डॉक्टरांनी गाडी खरंच विकायला काढली, आणि ती घेतली ताईने. कशी, किती, कुठून, हा त्या दोघांमधला व्यवहार. गॅरेजवाल्याने शेजारच्या सीटखाली दुसरा ब्रेक बसवून दिला. टपावर पाटी लागली. नाव काय द्यायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. सासूबाईंना स्वतःचं नाव हवं होतं. शेवटी नुसतं 'ताईंचा क्लास' असं लिहिलं. डॉक्टर हल्ली पायी जातात आणि झेब्रा क्रॉसिंगवर हात वर करून असे उभे राहतात की गाड्या बावचळून थांबतात. मात्र पुलावर गर्दी असली तर ते वाकड्या वाटेने, एकेरी रस्त्याने उलटे चालत येतात, हेही मी बघितलंय. विचारलं तर म्हणतात, पायी चालणाऱ्याला कुठे असतं एकेरी-बिकेरी?

पहिले आठ-दहा दिवस ताईकडे कोणी फिरकलं नाही. मग एका दुपारी एक बाई आल्या. नीटनेटक्या, पन्नाशी उलटलेल्या, पर्स छातीशी धरलेली. "मला शिकायचंय," त्या म्हणाल्या.

त्यांनी नाव सांगितलं. ताई उभी राहिली. त्या मालकांच्या बायको होत्या.

"तुमच्या घरचाच क्लास असताना?" ताईने विचारलं.

"घरचाच आहे म्हणून तर. लग्न झाल्यापासून त्यांच्या शेजारी बसतेय. कसं चालवू नये ते सगळं झालंय शिकून. आता उरलेलं तुम्ही शिकवा."

"त्यांना माहीत आहे?"

"त्यांना कुठे वेळ आहे? फोनवर असतात."

पहिल्याच दिवशी बाईंची गाडी बाजारपेठेच्या चौकात बंद पडली. दिवा हिरवा, मागे रांग, आणि हॉर्नचा नुसता कल्लोळ. एकाने काच खाली करून त्यांच्या सात पिढ्यांची चौकशी केली. ताई म्हणाली, "घाबरू नका. सावकाश करा."

"मी कशाला घाबरू?" बाई म्हणाल्या. त्यांनी पर्स उघडून रुमाल काढला, कपाळ टिपलं, घडी घालून रुमाल परत ठेवला, सीट थोडी पुढे ओढली, आरशात मागची रांग नीट बघून घेतली. "एवढ्या सगळ्यांनी एकदम माझी वाट बघितलेली मला आठवतच नाही," त्या म्हणाल्या, आणि मग किल्ली फिरवली.